गच्चीवरची बशी आणि 38 ठिपके

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात आमच्या सोसायटीपासून साधारण दोनशे मीटरवर ओल्या कचऱ्याचा खतप्रकल्प आहे. वडिलांना रक्ताचा कर्करोग झाला आहे, केमो चालू आहे. मुलाला दमा आहे. एका तपासणीवाल्याने गच्चीवर अर्धा तास, बुरशी वाढेल असे खाद्य घातलेल्या उघड्या बशा ठेवल्या आणि 'हवेत 38 रोगकारक बुरशी आढळल्या' असा अहवाल दिला. यावर विश्वास ठेवायचा का? आणि बाहेरच्या हवेतली रोग करणारी बुरशी खरोखर तपासायची तर कशी?

अहवाल आणि बशांचे फोटो पाठवलेत ते बरे केलेत. 38 हा आकडा त्याने मनाने घातलेला नाही, फोटोत मोजले तर बुरशीचे तेवढेच ठिपके भरतात. पण ते किती हवेतून आले हे अहवालात कुठेही लिहिलेले नाही, आणि तेच नसेल तर बाकीचे वाचून उपयोग नाही. दूधवाल्याने 'अडतीस झाले' म्हणावे आणि लिटर की पेले ते सांगू नये, तसे.

उघड्या बशीत पडते ते फक्त स्वतःच्या वजनाने खाली येणारे. आता जरा गणित करू. तुम्हाला ज्याची भीती वाटते, आणि वडिलांच्या बाबतीत ती रास्त आहे, तो ॲस्परजिलस फ्युमिगेटस, फुफ्फुसात शिरून वाढू शकणारी बुरशी. त्याचा बीजाणू, म्हणजे बुरशीचे बी, 2 ते 3 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शांत हवेत तो तासाला जेमतेम पाऊण ते एक मीटर खाली येतो. अल्टरनेरिया नावाची शेतातली, पालापाचोळ्यावरची बुरशी असते, तिचा बीजाणू याच्या दहापट लांब. तो तासाला दहा-अकरा मीटर उतरतो. नऊ सेंटिमीटर व्यासाची बशी अर्धा तास उघडी ठेवली, तर फ्युमिगेटससाठी तुम्ही तपासली अडीच लिटर हवा आणि अल्टरनेरियासाठी चौतीस लिटर. एकाच बशीत एकाला एक माप, दुसऱ्याला तेरापट मोठे माप. हेही वारा अजिबात नसेल तर. गच्चीवर वारा असतो, म्हणजे हेसुद्धा गेले. आणि गंमत अशी की बशी ज्याला जास्त पकडते तो मोठा बीजाणू बहुतेक वेळा नाकातच अडकतो, आणि जो थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या कोषांपर्यंत पोचतो त्यालाच ती सोडते. ऑपरेशन थिएटरमध्ये ढोबळ अंदाजासाठी बशा ठेवतात, वर्गात मुलांना दाखवायलाही त्या छान. बाहेरच्या हवेवर निकाल द्यायला त्यांचा उपयोग नाही.

आता 'रोगकारक' या शब्दाकडे. फोटोतले बहुतेक ठिपके काळपट हिरवे, मखमली दिसतात. ते क्लॅडोस्पोरियम असणार. जगात कुठेही बाहेरची हवा तपासा, दिवसा सगळ्यात जास्त हाच सापडतो. काही अल्टरनेरिया आहेत, दोन-तीन पेनिसिलियम, आणि एका बशीत झाकणापर्यंत पोचलेला पांढरा कापूस, तो रायझोपस. फोटोवरून नाव ठेवू नये हे मी विद्यार्थ्यांना सांगतो, इथे मीच ठेवले. पण त्याहून मोठी चूक तपासणीवाल्याने केली आहे. त्याने बशा 'खोलीच्या तापमानाला' ठेवल्या, असे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे. माणसाच्या शरीरात आत शिरून वाढणाऱ्या बुरशीची पहिली अट म्हणजे 37 अंशांना वाढता आले पाहिजे. क्लॅडोस्पोरियमच्या नेहमीच्या जातींना ते जमत नाही. त्या बशा 37 अंशांना ठेवल्या असत्या तर 38 चे किती उरले असते? माझ्या अनुभवाने दोन-चार. ॲलर्जीचा हिशोब मात्र निराळा. तिथे बुरशी जिवंत असण्याचीही गरज नाही, मेलेला बीजाणूही दमेकऱ्याला शिंका आणतो. म्हणजे तुमच्या घरातच दोन वेगळे प्रश्न आहेत: वडिलांसाठी एक, मुलासाठी दुसरा. एका बशीत दोघांचे उत्तर मिळत नाही.

हा घोळ जुना आहे. डी. डी. कनिंगहॅम नावाच्या डॉक्टरने कोलकात्यातल्या तुरुंगांच्या आवारात हवेतले कण काचेवर पकडून महिनोनमहिने चित्रे काढली. 1873 मध्ये त्याचा अहवाल निघाला. हवेत बीजाणू भरपूर सापडले. मग त्याने ते ताप आणि कॉलऱ्याच्या नोंदींशी ताडून पाहिले, आणि काही मेळ बसत नाही असे सरळ लिहून टाकले. आजच्या किती अहवालांत एवढा प्रामाणिकपणा असतो!

मग मोजायचे कशाने? उपकरण कोणते हे तुमच्या प्रश्नावर ठरते. मुलाच्या दम्यासाठी मला 'कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणते बीजाणू वाढतात' हे हवे. त्याला बीजाणूसापळा लागतो. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात हर्स्ट नावाच्या शास्त्रज्ञाने 1952 मध्ये बनवलेला सापळा आजही जवळपास त्याच रूपात चालतो: मिनिटाला 10 लिटर हवा, म्हणजे शांत बसलेला माणूस जितकी घेतो साधारण तितकी, एका बारीक फटीतून आत ओढली जाते आणि ताशी 2 मिलिमीटर सरकणाऱ्या चिकट पट्टीवर आदळते. पट्टी कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की पहाटे तीनला काय होते आणि दुपारी दोनला काय होते ते वेगवेगळे वाचता येते. आपल्याकडे औरंगाबादच्या विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळकांनी 1970 च्या सुमारास याचेच देशी, स्वस्त भावंड तयार केले, टिळक एअर सॅम्पलर. मिनिटाला 5 लिटर, फिरत्या ड्रमवर व्हॅसलीन लावलेली सेलोटेप, सलग आठ दिवस. माझे शिक्षण त्याच यंत्रावर झाले. महाराष्ट्रातल्या पिकांवरच्या आणि शहरांतल्या बीजाणूंच्या नोंदी ज्यांनी ठेवल्या त्यातल्या बऱ्याच जणांचे हात या व्हॅसलीनने बरबटलेले आहेत.

त्यातून आपल्याकडचे चित्र बरेच स्पष्ट होते. पावसाळ्यात पहाटे हवेत ओलसर बीजाणू भरतात, अळंबीच्या छत्र्यांचे आणि बुरशीच्या बारीक पिशवीतून पिचकारीसारखे उडणारे. त्यांना सुटायला पाणी लागते. पाऊस सरला, ज्वारी-बाजरीची कापणी-मळणी सुरू झाली, की कोरडा गट वर येतो: क्लॅडोस्पोरियम, अल्टरनेरिया, पिकांवरच्या काणी रोगाचे काळे बीजाणू. हे दुपारच्या वाऱ्यावर असतात. मुलाचा दमा जुलैतल्या पहाटे बिघडतो की नोव्हेंबरच्या दुपारी, याची डायरी तुम्ही दोन महिने ठेवलीत तर सापळ्याच्या निम्मे काम होईल, आणि छातीच्या डॉक्टरांना ती कोणत्याही अहवालापेक्षा जास्त उपयोगी पडेल. सोबत ॲस्परजिलसची ॲलर्जी-चाचणी झाली आहे का ते विचारा. नेहमीची औषधे नीट घेऊनही दमा आवरत नसेल तर ती झालीच पाहिजे.

सापळ्याचे दोषही सांगतो. त्यावर ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम वेगळे ओळखता येत नाहीत, दोन्ही नुसते बारीक गोल मणी. ज्या अहवालात नुसत्या बीजाणूमोजणीवरून 'फ्युमिगेटस सापडला' असे लिहिले असेल तो तिथेच बाजूला ठेवा. शिवाय 4 मायक्रॉनच्या खालचे बरेच बीजाणू हवेच्या झोताबरोबर वळून निसटतात, पट्टीवर आदळतच नाहीत. म्हणजे फ्युमिगेटस इथेही कमीच दिसणार. आणि यंत्र विजेवर चालते. एकदा तालुक्याच्या ठिकाणी आमच्या पट्टीवर सलग तीन रात्री मध्यरात्र ते पहाट हवा कशी अगदी स्वच्छ! आम्ही दवाचे, वाऱ्याचे, काय काय सिद्धांत मांडले. चौथ्या दिवशी शेजारच्या पानटपरीवाल्याने विचारले, 'सर, रात्री लाइट नसते तेव्हा तुमचा पंखा कशावर चालतो?' तेव्हापासून यंत्रासोबत बॅटरीवर चालणारे घड्याळ आणि वीज गेल्याची नोंदवही ठेवतो.

वडिलांसाठी आणि खतप्रकल्पासाठी पद्धत वेगळी. फ्युमिगेटसला उष्णता आवडते. ओल्या कचऱ्याचा ढीग आतून 55-65 अंशांपर्यंत तापतो, कडेला चाळीस-पन्नास अंशांचा पट्टा राहतो, तिथे याची चंगळ. ढीग नुसता पडून असेल तर फार काही उडत नाही. जेसीबीने उलथला, चाळणीवर घातला, की तो धुरासारखा ढग निघतो त्यात बीजाणू असतात. म्हणून 'प्रकल्पामुळे हवेत बुरशी आहे का' याचे उत्तर रविवारी दुपारी प्रकल्प बंद असताना गच्चीवर मिळणार नाही.

यासाठी अँडरसन सॅम्पलर. 1958 चे उपकरण, मिनिटाला 28.3 लिटर हवा 400 बारीक भोकांतून ओढून थेट अगारच्या, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या खाद्याच्या, प्लेटवर आपटते. सहा मजल्यांचे मिळते. आपल्याला शेवटच्या एकाच मजल्याचे पुरे, ते एक मायक्रॉनच्या खालचेही पकडते. पाच मिनिटे चालवले तर 141 लिटर हवा झाली. म्हणजे प्लेटवरची एक वसाहत, बुरशीचा एक ठिपका, साधारण घनमीटरला सात. आता बशीच्या अडीच लिटरशी तुलना करा. भोकांची एक खोच लक्षात ठेवायची: एकाच भोकातून दोन बीजाणू आले तर वाढलेला ठिपका एकच दिसतो. त्यामुळे 400 पैकी 300 भोकांखाली बुरशी उगवली असेल तर खरा आकडा साडेपाचशेच्या घरात धरावा लागतो. ही दुरुस्ती केली आहे का, हे विचारल्यावर समोरचा गोंधळला तर काय ते समजा.

प्लेट 25 अंशांना ठेवली तर मघाचाच क्लॅडोस्पोरियम सगळे झाकून टाकतो. म्हणून एक जोडी 37 ला, एक 45 ला. 45 अंशांना फ्युमिगेटस जवळपास एकटा उरतो, राखाडी निळसर हिरव्या मखमलीसारखा. अगारमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल, म्हणजे जिवाणू माजत नाहीत. मग सेलोटेपचा तुकडा वसाहतीला लावून निळ्या रंगात सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे: चंबूसारखे डोके आणि त्याच्या वरच्या अर्ध्यातूनच निघालेल्या, एकाच दिशेने उभ्या बीजाणूंच्या माळा. एकदा नीट पाहिले की विसरत नाही. पिवळसर हिरवा असेल तर फ्लेव्हस, ॲस्परजिलसचीच दुसरी जात. सायनस आणि डोळ्यांच्या बुरशीत आपल्याकडे त्याचा वाटा मोठा आहे, त्याचीही वेगळी नोंद हवी.

आणि कितीही महाग उपकरण आणले तरी एकाच जागी मोजून काही सिद्ध होत नाही. प्रकल्पाच्या वाऱ्याच्या वरच्या बाजूला एक, खालच्या बाजूला एक, आणि तुमच्या इमारतीपाशी एक, शक्यतो एकाच वेळी. नाकाच्या उंचीवर, म्हणजे दीड मीटरवर. प्रत्येक ठिकाणी किमान तीन-तीन प्लेटा, आणि एक प्लेट उपकरणात घालून, हवा न ओढता परत काढलेली. त्या कोऱ्या प्लेटवर बुरशी उगवली तर दिवस वाया गेला असे समजून घरी जायचे. हे एका दिवसात होत नाही. ढीग उलथण्याचे दिवस आणि न उलथण्याचे दिवस, दोन्ही हवेत. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा आणि हिवाळ्यातली पुण्याची ती निपचित पडलेली सकाळ, दोन्ही हवेत. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही, धूर जसा खाली तरंगतो तसे बीजाणूही. सगळ्यात वाईट आकडे मला अशाच सकाळी मिळाले आहेत.

आकडा आल्यावर तो कशाशी ताडायचा? आपल्या देशाच्या 2009 च्या हवा-मानकांत बारा प्रदूषके आहेत, त्यांत बुरशी नाही. त्यामुळे 'मर्यादेपेक्षा जास्त' असे कोणी छापले तर कोणती मर्यादा ते विचारा. इंग्लंडमध्ये खतप्रकल्पांसाठी 250 मीटरच्या आत घरे असतील तर हवा मोजावी लागते, आणि घरांपाशी फ्युमिगेटसचा स्वीकारार्ह आकडा घनमीटरला 500 धरला जातो. आपल्या पाच मिनिटांच्या प्लेटवर म्हणजे सत्तरएक वसाहती. ही आरोग्याची लक्ष्मणरेषा नाही, प्रकल्प चालवणाऱ्यावरचा लगाम आहे. तुमचे दोनशे मीटर त्या अंतराच्या आत बसतात, त्यामुळे प्रकल्पाकडे मोजणी मागण्याला आधार आहे.

तुम्ही शेवटी विचारले आहे, 'डीएनएवरून का नाही तपासत?' तपासतात. गाळणीवर हवेतले कण पकडायचे, डीएनए काढायचा, ठरावीक बुरशीचा तुकडा पीसीआरने शोधायचा. जिथे बुरशी प्लेटवर वाढवणेच धोक्याचे, तिथे हाच मार्ग. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, ॲरिझोना-कॅलिफोर्नियाच्या कोरड्या मातीत कॉक्सिडिऑइडिस असते. तिने होतो तो व्हॅली फीव्हर. 17 जानेवारी 1994 च्या नॉर्थरिज भूकंपात डोंगरकडे ढासळले, धुळीचे लोट उठले आणि शेजारच्या व्हेंचुरा काउंटीत 203 जण आजारी पडले. ही बुरशी प्रयोगशाळेत प्लेटचे झाकण उघडणाऱ्यालाच पकडते, म्हणून फिनिक्स शहरात हवेच्या गाळण्यांवर तिचा डीएनए शोधतात. फिनिक्समध्ये राहून आलेल्या आपल्या मंडळींना इथे आल्यावर महिनाभर खोकला राहिला आणि टीबीची तपासणी निर्मळ आली, तर डॉक्टरांना तो मुक्काम आवर्जून सांगावा. आपल्या मातीत ही बुरशी नाही, त्यामुळे इथल्या डॉक्टरला ती सहज आठवत नाही.

तुमच्या कामाला मात्र डीएनए दुय्यम. तो मेलेलाही मोजतो, शहरी काजळीने पीसीआर मंदावते, आणि ॲस्परजिलसचा डीएनए कधीकधी किटमधल्या रसायनांतूनच येतो. सोबत कोरी गाळणी तपासलेली नसेल तर निकालाला अर्थ नाही.

एका बाबतीत मात्र तुमच्या वडिलांच्या डॉक्टरांनाही हवेची माहिती हवी असेल: औषधाला न जुमानणारा फ्युमिगेटस. रुग्णाला देतात ती व्होरिकोनाझोल, इट्राकोनाझोल ही औषधे आणि द्राक्षबागांवर मारतात ती टेब्युकोनाझोल, हेक्झाकोनाझोल ही एकाच कुळातली. शेतातल्या फवाऱ्याने निवड झालेला बीजाणू हवेतून रुग्णापर्यंत पोचू शकतो. असे प्रतिकारक वाण भारतात रुग्णांमध्ये आणि मातीतही सापडले आहेत. इथे नुसते मोजून भागत नाही, वसाहत औषध घातलेल्या अगारवर पुन्हा लावून बघावी लागते. ब्रिटनमध्ये 2018-19 मध्ये सामान्य नागरिकांनी खिडकीबाहेर चिकट पारदर्शक पट्ट्या लावल्या आणि टपालाने प्रयोगशाळेला पाठवल्या, त्यांतून देशभरातले फ्युमिगेटस गोळा झाले. नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात हे कोणी करायला घेतले तर पट्ट्या चिकटवायला मी स्वतः येईन. इथे पट्टीने भागते, कारण प्रश्न 'किती' असा नसून 'जो आहे तो कसा आहे' असा आहे.

आता वडिलांचे. हवेचा आकडा काहीही येवो, त्यांच्यासाठीची काळजी बदलत नाही, म्हणून अहवालाची वाट पाहत बसू नका. आपण सगळेच रोज फ्युमिगेटसचे बीजाणू श्वासात घेतो आणि निरोगी फुफ्फुस ते फस्त करते. केमोनंतर पांढऱ्या पेशी तळाला जातात तेव्हा हे सफाईचे काम थांबते. त्या दिवसांत ढीग उलथण्याच्या वेळी खिडक्या बंद, कुंड्यांतली माती उकरणे बंद, इमारतीत कुठे तोडफोड चालू असेल तर त्या बाजूला जाणे नको. बाहेर पडायचेच तर नीट बसणारा एन-95. कापडी मास्क इथे कुचकामी. ताप आला तर सकाळपर्यंत थांबायचे नाही, रात्रीच फोन करायचा. बुरशीविरोधी गोळी आधीपासून द्यायची का, हे त्यांच्या रक्तविकारतज्ज्ञांना थेट विचारा.

'काळ्या बुरशी'बद्दलही तुम्ही घाबरून लिहिले आहे. 2021 मध्ये देशात 45 हजारांहून अधिक रुग्ण झाले, त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा होता, त्यामुळे धास्ती समजते. पण ती बुरशी हवेत त्याआधीही होती, आजही आहे. तुमच्या बशीतला पांढरा कापूस तिचाच भाऊबंद. त्या वर्षी बदलले ते माणसांच्या शरीरातले: कोविड, स्टेरॉइड आणि वाढलेली साखर. वडिलांना केमोसोबत स्टेरॉइड असेल तर साखर तपासत राहा.

खर्चाच्या क्रमाने सांगायचे तर आधी फुकटचे करा. प्रकल्पाला लेखी विचारा की ढीग कोणत्या दिवशी, किती वाजता उलथतात. पहाटेऐवजी दुपारी, वारा खेळता असताना, ढीग ओला करून उलथा अशी मागणी करा. एवढे झाले तरी बराच ढग खालीच बसतो. हे नाकारले तरच अँडरसनवाल्याला बोलवा.

आणि फोटोत मला आणखी एक गोष्ट दिसली. गच्चीच्या कोपऱ्यातून खाली बघताना तुमच्या बी विंगच्या जिन्यालगत हिरव्या जाळीचे तीन पिंप आहेत. 2016 च्या घनकचरा नियमांनंतर मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा असतो, तेच ते असावेत. वडिलांची खोली कोणत्या मजल्यावर आहे ते लिहिले नाहीत. पहिल्या-दुसऱ्यावर असेल तर प्रकल्प दोनशे मीटरवर आणि हे पिंप दहा मीटरवर. ते कोण हलवतो, कधी हलवतो, आणि तेव्हा ती खिडकी उघडी असते का, एवढे बघून मला कळवा. मग उपकरण कुठे ठेवायचे ते ठरवू.